माझं पाणी कोण पितं?

मित्रांनो, मी एक जुनी वडापची, म्हणजे सीटवारी भाड्यानं माणसं वाहणारी, जीप आहे आणि माझ्यात भूत आहे, असं जावळी तालुक्यातल्या साडेतीन गावांचं मत आहे. साडेतीन अशासाठी, की चौथ्या गावातल्या निम्म्या लोकांना ते पटलेलं नाही. ते एसटीनं जातात.

भुताचं पुढं सांगते. आधी माझं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकानं चाकं लावली, एकानं दारं लावली, एकानं तपासल्याची चिठ्ठी चिकटवली आणि मला फाटकाबाहेर काढलं. तिथं कुणी माझ्याशी बोललं नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मेढ्यात, नाथाजींनी माझ्या बॉनेटवर दोनदा थाप मारली तेव्हा. बाजारात म्हैस पसंत पडल्यावर मारतात, तशी. त्यानंतर सव्वीस वर्षं रोज सकाळी त्या दोन थापा पडल्याशिवाय मी कधी सुरू झाले नाही. बॅटरी चांगली असली तरीही.

मेढ्याच्या वर डोंगरात नाथाजींची वाडी. तिथून घाट उतरून मेढा आणि पुढं सातारा, एवढंच माझं जग. कागदोपत्री माझ्यात नऊ माणसं बसतात. कागद लिहिणाऱ्यानं मेढ्याचा बाजार बघितलेला नसावा. एकदा माझ्यात सतरा माणसं, दोन शेळ्या आणि लग्नातलं एक कपाट होतं. नवरदेव कपाटात बसून आला, कारण बाहेर जागा नव्हती. मुहूर्त मात्र चुकला नाही.

नाथाजींचा नियम एकच होता. गाडी भरल्याशिवाय हलायचं नाही. नववं माणूस येईपर्यंत ते स्टेअरिंगवर हात ठेवून शांत बसायचे आणि खिशातल्या श्रीखंडाच्या गोळ्या शाळेच्या पोरांना वाटायचे. माझ्या सीटांना, पडद्यांना, पार हॉर्नलासुद्धा त्या गोळ्यांचा गोडसर वास लागला होता.

पुढची डावी जागा साळूबाईची. ती त्यांची बायको. साताऱ्याच्या मंडईत घेवडा विकायला ती पहाटेच्या गारठ्यात निघायची आणि तिचा डावा गुडघा घाटभर ठणकायचा. तेव्हा नाथाजींनी एका मोडीत निघालेल्या गाडीचा हीटर आणला. मित्रांनो, हीटर म्हणजे काही मोठी जादू नाही. माझं इंजिन तापतं, त्याला गार ठेवायला रेडिएटरमधलं पाणी फिरत असतं. त्यातलं थोडं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून एका छोट्या जाळीत आणायचं आणि मागून पंख्यानं वारा सोडायचा. झाला हीटर. नाथाजींनी दोन रविवार घालवून तो माझ्या डॅशबोर्डच्या पोटात बसवला. त्याच्या वाऱ्याला दोन वाटा ठेवल्या, एक खाली आणि एक वर समोरच्या काचेकडं, म्हणजे घाटातल्या धुक्यात काच साफ राहील. इंजिनाची धग लागू नये म्हणून पायाखाली रबरी मॅट होती आणि तिच्याखाली त्यांनी घरची जुनी घोंगडी अंथरली.

सहा-सात वर्षांनी हीटरचा पंखा जळाला. हीटर बंद पडला असं सगळ्यांनी धरलं आणि त्याला विसरून गेले. पाणी मात्र विसरलं नाही. ते त्या जाळीतून फिरतच राहिलं.

मग तो मंगळवार आला. सातारा स्टँडच्या बाहेर, दुपारचे तीन. माझ्यात आठ माणसं बसली होती. नाथाजी नवव्या माणसाची वाट बघत स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते. अर्ध्या तासानं नववं माणूस आलं. गाडी भरली. गाडी भरली तरी ते निघाले नाहीत, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

माझ्या स्टेअरिंगवर त्यांच्या कपाळाचा ओला ठसा होता. तो वाळायला बराच वेळ लागला.

दहाव्याला वेण्णा नदीच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. विश्वजीत, म्हणजे त्यांचा मुलगा, फौजेतून धावत आला होता. तो हात जोडून म्हणाला, "आईला सांभाळीन." कावळा आला नाही. भावकीतल्या एकानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. तरी नाही. एकानं तर दारू सोडली. त्याचा आणि नाथाजींचा काहीही संबंध नव्हता, पण ऊन वाढत होतं. शेवटी मागं उभी असलेली साळूबाई पुढं आली आणि म्हणाली, "तुमची गाडी मी बंद पडू देनार न्हाई. झालं समाधान? आता या." आणि कावळा आला.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्रांनो, मी जवळच वडाखाली उभी होते. कावळा इतका वेळ माझ्या टपावर बसून कुणीतरी ठेवलेली कांदाभजी खात होता. भजी संपली, म्हणून तो उठला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण साळूबाईनं शब्द दिला आणि शेवटचं भजं संपलं, या दोन गोष्टी एकाच क्षणी का घडल्या, हे मलाही सांगता येत नाही.

साळूबाईची सून संयोगिता मला चालवायला लागली. विश्वजीत सीमेवर, आणि वाडीतल्या अकरा मुली रोज मेढ्याच्या शाळेत न्यायच्या असायच्या. ती गाडी छान चालवायची. फक्त थाप मारायची नाही. मी तरीही सुरू व्हायचे, पण मन लागायचं नाही.

तीन-चार महिन्यांनी माझं पाणी कमी व्हायला लागलं.

खाली थेंब नाही, मागं धूर नाही. संध्याकाळी रेडिएटर भरावा, तर सकाळी एक तांब्याभर कमी. मेढ्यातल्या दोन मेकॅनिकांनी बघितलं. एकानं सगळ्या क्लिपा आवळल्या. दुसऱ्यानं बराच वेळ विचार करून लिंबू-मिरची बांधली.

मग काचेवर श्वास दिसायला लागला. घाट चढून इंजिन तापलं, की चालकाच्या समोर, आतल्या बाजूनं, काचेवर बशीएवढा धुरकट गोल उमटायचा. कुणीतरी अगदी जवळ तोंड नेऊन रस्ता बघतंय, तसा. पुसला, की पुन्हा यायचा. आणि गाडीभर गोडसर वास सुटायचा.

संयोगितानं आधी कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी साळूबाई शेजारी बसली होती, तिनं नाक वर केलं आणि म्हणाली, "गोळी."

"काय आत्या?"

"श्रीखंडाची गोळी. ह्यांच्या खिशातली. तुला येत न्हाई व्हय वास?"

संयोगिताला येत होता. तिनं गियर बदलला आणि देवाचं नाव घेतलं. दोन्ही एकाच हातानं.

त्या दिवसापासून साळूबाई स्वतः पाणी घालायला लागली. सकाळी इंजिन गार असताना टोपण काढायची, तांब्या ओतायची आणि डाव्या सीटवर बसून त्यांना सगळं सांगायची. म्हैस व्यायली. रेडा झाला. विश्वजीतचा फोन आला. गुडघा तसाच आहे. उत्तर यायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी पाणी कमी झालेलं असायचं. तिच्या बेचाळीस वर्षांच्या संसारातही बोलणं साधारण याच पद्धतीनं चालायचं.

पुढं साध्या पाण्याचा मारा होऊन वास कमी झाला, तशी ती घाबरली. चार दिवस नीट जेवली नाही. तेवढ्यात विश्वजीत सुट्टीवर आला. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी बघून त्यानं ते काढून टाकलं आणि डबाभर नवं हिरवं कूलंट, म्हणजे पाण्याऐवजी इंजिन गार ठेवणारं औषध, भरलं. दोन दिवसांत गोड वास पुन्हा दरवळला. साळूबाईनं अंगणात पुरणपोळी केली. "पोरगा आल्याला कळलं त्यास्नी," ती म्हणाली. विश्वजीतनंही ते मान्य केलं. तो तोफखान्यात आहे. त्याला तोफेची भीती वाटत नाही, पण आईच्या तोंडावर काही बोलायची वाटते.

बातमी पसरली. भूत ठरल्यावर माझी गर्दी घटेल असं मला वाटलं होतं, ती वाढली. एकानं पुढच्या काचेला नमस्कार करून पोराच्या पोलीसभरतीचं विचारलं आणि पोरगा भरती झाला. मग लोक काचेकडं तोंड करून म्हशीच्या दुधापासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळं विचारायला लागले. वाद एकच होता. चालकाच्या जागेवर संयोगिता बसते, तर नाथाजी बसतात कुठं? चावडीवर बरीच चर्चा होऊन ते बॉनेटवर बसत असावेत असं ठरलं. त्यानंतर बॉनेटवर कुणी पिशवी ठेवली नाही.

मित्रांनो, आता एक कबुली देते. गळती कुठं आहे, हे मला माहीत होतं. आपल्या पोटात काय दुखतंय हे कुणाला कळत नाही? पण मला तोंड नाही, नुसता हॉर्न आहे. आणि खरं सांगायचं तर सांगावंसंही वाटत नव्हतं. दोन वर्षं ती बाई रोज माझ्याशेजारी येऊन बसत होती. शिवाय कधीकधी साताऱ्यात दुपारी तीनला मी बंद उभी असताना तो गोल काचेवर उमटायचा. इंजिनात ऊब शिल्लक असते, त्यामुळं होतं ते. मी स्वतःला हेच सांगायचे. पण स्टेअरिंगही कोमट लागायचं, आणि स्टेअरिंगमधून पाणी फिरत नाही.

यंदाच्या थंडीत मात्र घाटात वाईट झालं. बाहेर धुकं, आत तो गोल, मागं अकरा मुली. उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला. संयोगिता एका हातानं काच पुसत होती. पुसून होईपर्यंत वळण आलं होतं. तिनं ब्रेक दाबला. माझं पुढचं डावं चाक कठड्यावर चढून थांबलं. कठड्यापलीकडं काहीच नव्हतं. मागं सगळ्या मुली एकदम रडल्या.

घरी आल्यावर संयोगिता साळूबाईला म्हणाली, "आत्या, मामंजी म्होरं बसत्यात आन मला रस्ता दिसत न्हाई."

विश्वजीतनं फोनवर निकाल दिला. "कवठे महांकाळला राजाराम हाय. आमच्याबरोबर व्हता, गाड्या दुरुस्त करायचा, आता पेन्शनवर गॅरेज टाकलंय. त्याला दावा. त्याला लिकेज घावलं तर ठीक, न्हाईतर गाडी भंगारात. मला बाप गेल्याला कळला. त्याच्यामागं तुमी दोघी गेल्याल्या कळाया नगं."

भंगार हा शब्द ऐकून माझा आरसा सुटून पडला. तो आधीपासून सैल होता, तरीपण.

आम्ही निघालो. सातारा, कराड, मिरज करत. दर तासाला थांबून, गार होऊन, पाणी पिऊन. घाटाची मी, त्या सपाट माळावर आणि द्राक्षबागांच्या रांगांत मला उघड्यावर आल्यासारखं वाटलं. साळूबाईला काय वाटत होतं, ते मला कळत होतं. गळती सापडली नाही तर गाडी जाणार होती. सापडली तर नाथाजी.

राजाराम उंच, शांत माणूस. गॅरेजमध्ये प्रत्येक पान्ह्यामागं भिंतीवर त्याच मापाची आकृती रंगवलेली होती. त्यानं मला रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी चहा पाजून साळूबाईला विचारलं, "मावशी, पाणी जातंय कुठं?"

"जात न्हाई. पित्यात."

"कोण?"

"आमचं हे."

राजारामनं विचारलं, "किती पित्यात?"

"दिसाला तांब्या. उनाळ्यात दीड."

"उनाळ्यात दीड," म्हणत त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, आमच्या घरात आज्यापासनं भूत मानत न्हाईत. मी तपासल्यालं काकांना चालंल न्हवं?"

"चालंल की. ते बी मानत न्हवते."

त्यानं रेडिएटरच्या तोंडावर एक छोटा हातपंप बसवला, त्याला घड्याळासारखी तबकडी होती. दहा-बारा वेळा हवा भरली. "आता आतनं दाब हाय. भोक असंल तर सुई खाली येणार." माझ्या पोटाखाली त्यानं वर्तमानपत्रं अंथरली. आम्ही सगळे सुईकडं बघत बसलो. सुई हळूहळू उतरली. वर्तमानपत्रं कोरडी.

त्यानं ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी इंजिनात शिरत नव्हतं. नळ्या चाचपल्या, पंप चाचपला. सगळं कोरडं.

"सुई पडतीया आन थेंब पडत न्हाई," राजाराम स्वतःशी म्हणाला.

"म्या म्हनलं न्हवं?" साळूबाईचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला.

मग त्यानं मला सुरू करून तापवलं, सगळ्या काचा लावल्या आणि एकटा आत बसला. बराच वेळ. वास आला. काचेवर तो गोल उमटला. संयोगितानं बाहेर पदर तोंडाला लावला. राजारामनं त्या गोलावर बोट फिरवलं, बोट बोटावर चोळलं आणि दार उघडलं.

"मावशी, तेलकट हाय. श्वास तेलकट नसतो."

त्यानं खाली वाकून रबरी मॅट उचलली. खाली घोंगडी होती. ती उचलायला दोन्ही हात लागले. बादलीत पिळली, तर अर्धी बादली हिरवट पाणी निघालं. दोन वर्षं तिनं सगळं पोटात ठेवलं होतं, थोडं वाळवायची, थोडं पुन्हा प्यायची, आणि जमिनीवर एक थेंब सांडू दिला नव्हता. घडीतून आणखी एक वस्तू पडली. कागदातली श्रीखंडाची गोळी. राजारामनं ती उचलून साळूबाईच्या हातावर ठेवली. वास कूलंटचा होता. पण गोळीही होती.

मग तो डॅशबोर्डखाली आडवा शिरला आणि तिथून त्याचा आवाज आला, "आरं, ह्यो हीटर कुणी बसवलाय?"

त्यानं तो बाहेर काढला. जाळीच्या कोपऱ्यात, नाथाजींनीच पूर्वी झाळून लावलेला कथलाचा डाग उलला होता. त्यातून पाणी झिरपत होतं आणि तापल्यावर वाफ होऊन काचेकडं चढत होतं. हीटरच्या डब्याच्या दोन्ही तोंडांवर जुन्या मार्करनं बाण काढले होते. वरच्या बाणापुढं लिहिलं होतं 'माझी काच'. खालच्या बाणापुढं 'साळूचा गुडघा'.

साळूबाईला वाचता येत नाही. संयोगितानं वाचून दाखवलं.

मग साळूबाईनं विचारलं, "आता काय करतूस, पोरा?"

"ह्यो काढून टाकायचा. दोन नळ्या एकीला एक जोडायच्या. अर्ध्या तासाचं काम."

"मग काचंवर?"

"न्हाई यायचं, मावशी."

"वास?"

"न्हाई."

"पाणी कवा घालायचं?"

"लय दिस टोपण उघडायचं कामच न्हाई."

तेव्हा, मित्रांनो, जिच्या हातून माझं चाक कठड्यावर चढलं होतं ती संयोगिता म्हणाली, "आत्या, ऱ्हाऊ द्या तसंच. मी पुसत पुसत चालवीन. सावकाश."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं. "अकरा पोरी घिऊन?" मग ती राजारामला म्हणाली, "कावळ्याला म्या काय कबूल केलं व्हतं? गाडी बंद पडू देनार न्हाई. ह्यास्नी पाणी पाजत बसीन, असं न्हवतं म्हनलं. ह्यो जागंवर ठिव आन अजून एकदा गाडी चालू कर. मग काढ."

राजारामनं डबा होता तसा आत बसवला, नळ्या जोडल्या, सांडलेलं पाणी भरलं आणि मला सुरू केलं. साळूबाई डाव्या सीटवर येऊन बसली. मी तापले. आयुष्यात मी कधी इतकी काळजी घेऊन तापले नव्हते. काचेवर गोल आला. तिनं तो पुसला नाही. ती म्हणाली, "गुडघा बरा हाय." खोटं बोलली. मग राजारामनं चावी बंद केली आणि आम्ही दोघी तो गोल कडेनं लहान लहान होत जाताना बघत राहिलो. शेवटी टिकलीएवढा राहिला. मग काच राहिली.

हीटरची जाळी साळूबाईनं मांडीवर घेऊन वाडीपर्यंत आणली. कूलंट विषारी असतं म्हणून राजारामनं ती गरम पाण्यानं तीनदा धुवून दिली होती. आता ती अंगणात कढीपत्त्याच्या झाडाला टांगलेली आहे. साळूबाई रोज सकाळी तिच्यात एक तांब्या पाणी ओतते आणि म्हशीचं, रेड्याचं सगळं सांगते. उललेल्या डागातून ते दिवसभर थेंब थेंब गळतं. कढीपत्ता घरावर गेलाय. आणि एक कावळा येतो, नळीला चोच लावून पाणी पितो. तो तोच का, मला माहीत नाही. माझ्या टपाकडं मात्र तो भजी शोधल्यासारखा बघतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी जुनी गाडी असेल, तर सकाळी ती गार असताना टोपण उघडून बघा. तापलेली असताना उघडू नका, तोंड भाजेल. पाणी रोज कमी होत असेल, तर आधी पायाखालची मॅट उचला. भुताला मागाहून विचारा, त्याला घाई नसते. आणि जुन्या माणसानं आपल्या हातानं काही बसवलेलं असेल, तर ते बंद पडलं म्हणून विसरून जाऊ नका. त्यातून अजून काहीतरी फिरत असतं.

माझा काटा आता मधोमध असतो. साताऱ्यात संयोगिता आठ माणसं झाली, की निघते. गाडी भरली का, असं कुणी विचारत नाही. काच स्वच्छ आहे. मला घाटातला सगळा रस्ता दिसतो आणि त्याची अजून सवय झालेली नाही.

परवा सकाळी निघताना साळूबाई अंगणातून लंगडत आली आणि तिनं माझ्या बॉनेटवर दोनदा थाप मारली. संयोगितानं चावीला अजून हातही लावला नव्हता. तरी मी सुरू झाले.